जुन्या चौकातली इस्त्री

आमच्या चौकाला नावं ठेवायचा हक्क फक्त आम्हाला आहे. गटार तुंबलं, दिवा गेला, बंद पडलेल्या सिनेमागृहाचा आणखी एक पत्रा खाली आला, की आम्ही सकाळपासून चौकाच्या नावाने बोटं मोडतो. पण बाहेरच्या कुणी एक शब्द काढून बघावा! मागे एका वर्तमानपत्राने 'शहराचा मेलेला मध्य' असं छापलं, तर एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे बेकरीवाली आणि सलूनवाला जोडीने तिथे भांडायला गेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. तो पीळ बघायचा असेल तर आमच्याकडे या, बसायला खुर्ची देतो.

खरं सांगायचं तर वर्तमानपत्राचं फारसं चुकलं नव्हतं. बसचं मोठं स्थानक नव्या वसाहतीकडे हललं, पाठोपाठ बँक गेली, दातांचा डॉक्टर गेला, आणि त्यांच्यामागून गिऱ्हाईक गेलं. वरच्या मजल्यांच्या खिडक्यांना फळ्या ठोकल्यात. जे लोक सोडून गेले, ते अधूनमधून गाडीतून येतात, 'आम्ही मूळचे चौकातले' म्हणून उसासे टाकतात, काहीही बदलू देऊ नका असं आम्हाला बजावतात आणि अंधार पडायच्या आत पसार होतात.

मी चष्मेवाला. माझ्या दुकानाला लागून इस्त्रीवाल्या मावशींचं दुकान, मधे एक भिंत. इस्त्री टेबलावर टेकवल्याचा ठक् असा आवाज दिवसभर त्या भिंतीतून येतो. तो थांबला की मी चष्मा साफ करायचा थांबतो आणि मावशी बऱ्या आहेत ना, असं मनात येतं.

मावशी किडकिडीत बाई. उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली, कारण आयुष्यभर त्याच हाताने वजन दाबलं. लग्न होऊन आल्या तेव्हा दुकान नवऱ्याचं. तो इस्त्री करायचा आणि ह्या घड्या घालायच्या. 'बाईमाणसाला कॉलर जमत नाही,' असं त्याचं ठाम मत. एकदा त्याला ताप आला आणि सिनेमाच्या दरवानांचे गणवेश तर दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. ते मावशींनी केले. मोठा दरवान आला, कॉलरवर बोट फिरवलं आणि म्हणाला, 'आज कुणी केली? यापुढे त्यांच्याकडूनच करून घ्या.' नवरा दोन दिवस जेवायला भिंतीकडे तोंड करून बसला. तिसऱ्या दिवशी मुकाट्याने घड्या घालायला लागला, तो शेवटपर्यंत. माणूस वाईट नव्हता.

तो गेला, लेक लग्न करून नव्या वसाहतीत गेली, आणि मावशी मागच्या खोलीत एकट्या राहू लागल्या. पुढे दुकान, मागे एक खाट, शेगडी आणि नहाणीचा कोपरा. पण एकटी बाई म्हणून कुणी कीव करायला जावं तर सोय नाही. चुरगळलेला माणूस त्यांच्या दारावरून सरळ जाऊ शकत नसे. 'ए, इकडे ये. हे काय अंगावर? गाईने चघळलंय का?' असं भर रस्त्यात ऐकवून त्या शर्ट उतरवायला लावत. मला स्वतःला त्यांनी एकदा गिऱ्हाइकासमोर बनियनवर बसवलंय. गिऱ्हाइकाचे डोळे तपासत होतो मी तेव्हा!

गेल्या पावसात मागच्या खोलीचं छप्पर गळायला लागलं. आधी एक पातेलं पुरे, मग बादली, मग कपडे भिजवायचा मोठा टब. एका दुपारी गिलाव्याचा तुकडा बरोबर उशीवर पडला. मावशी पुढे इस्त्री करत होत्या म्हणून वाचल्या. लेक धावत आली. ती चौकातच वाढलेली, त्यामुळे आवाज हळू कसा ठेवतात हे तिला माहीतच नाही. भिंतीतून मला सगळं ऐकू आलं.

'आई, पुढच्या पावसाआधी छप्पर झालं तर राहा. नाही झालं तर माझ्याकडे यायचं. वाद नको, रडारड नको. शब्द दे.'

मावशींनी शब्द दिला. आणि मावशींचा शब्द म्हणजे, कपडे संध्याकाळी म्हटले की संध्याकाळीच मिळतात. तेव्हा त्यांना चौकात ठेवायचं तर आता छप्पर पाहिजे होतं, आणि छप्पर करायची ऐपत तर आमच्यात कुणाचीच नव्हती.

अशात पालिकेने योजना काढली. मध्यवस्तीतली बंद पडलेली दुकानं पुन्हा सुरू व्हावीत म्हणून पालिका त्यांची डागडुजी करून देणार, छप्पर, गिलावा, रंग सगळं. मात्र फक्त बंद दुकानांची. रखडत का होईना, जे चालू आहे त्याला काही नाही.

सलूनवाल्याला आम्ही पुढारी म्हणतो, कारण त्याच्या हातात वस्तरा असताना कुणी मधे बोलत नाही. त्याने सगळ्यांना सलूनमध्ये गोळा केलं. 'सोपं आहे. साहेब बघायला येईल त्या दिवशी सगळ्यांनी बंद ठेवायचं. विचारलं तर म्हणायचं, वर्ष झालं बंद आहे.'

'म्हणजे मेलेल्यालाच औषध देणार?' बेकरीवाली म्हणाली. 'ही कुठली रीत?'

'रीत त्यांची. आपण फक्त डोळे मिटून पडायचं.'

मावशी कोपऱ्यात उभ्या होत्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, कारण गरज त्यांना सगळ्यात जास्त. 'एक दिवस ना?' त्या म्हणाल्या. 'ठेवीन.'

ठरलं. आणि मग आमच्या लोकांनी जो घोळ घातला, तो फक्त आमचेच लोक घालू शकतात. दुकानं मोडकळीला आलेली दिसली पाहिजेत, हे सगळ्यांना पटलेलं. पण बाहेरचा साहेब येणार म्हटल्यावर राहवतंय कुणाला! बेकरीवालीने सकाळी उठून पायरी घासली. पुढाऱ्याने दाढी केली, ठेवणीतला शर्ट घातला, वर अत्तर लावलं. मीही, नाही म्हणायचं कशाला, पाटीवरची धूळ पुसली. साहेब आला तेव्हा चौकातली सगळी शटर खाली आणि त्यांच्यापुढे धुतलेल्या पायऱ्यांवर नटूनथटून उभे मालक. लग्नाचं वऱ्हाड येणार असल्यासारखं.

साहेब तरुण होता, शांत. त्याने पायऱ्यांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. 'वर्षभर बंद का?' त्याने मला विचारलं.

'वर्षभर,' मी म्हणालो. माझ्या खिशात दुपारी द्यायचा एका आजोबांचा चष्मा होता. साहेबाने मान डोलावली आणि लिहून घेतलं. त्याला कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण तो बिचारा मदत करायलाच आला होता.

शेवटी तो मावशींकडे वळला. मावशी शटरसमोर स्टुलावर बसल्या होत्या, हात मांडीवर. त्या हातांना रिकामं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. साहेबाने तोंड उघडायच्या आत मावशींची नजर त्याच्या कॉलरवर गेली. तिथून बाहीवर. तिथून पाठीवर.  बसच्या गर्दीत त्या शर्टाचा पार बोळा झाला होता.

'असेच फिरता?' मावशी म्हणाल्या.

'बसला गर्दी होती,' साहेब ओशाळून हसला. 'दुपारी मोठ्या साहेबांपुढे उभं राहायचंय, पण आता काय करणार.'

'मावशी,' मी खोकलो. पुढारी तर एवढ्या जोरात खोकला की कबुतरं उडाली.

'काढा,' मावशी म्हणाल्या आणि खडाडखड करत शटर वर गेलं.

साहेब मागच्या खोलीत बनियनवर उभा राहिला, त्या टबाशेजारी. छप्पर त्याला तिथून चांगलं दिसलं असणार. मावशींनी पाणी शिंपडलं. आधी कॉलर, उलटी बाजू पहिल्यांदा. मग खांद्याची पट्टी, कफ, बाह्या, पाठ, आणि शेवटी बटणांच्या मधून इस्त्रीचं टोक फिरवत पुढचा भाग. आम्ही दाराशी उभे. टेबलाखाली आदल्या दिवशीचे गठ्ठे गिऱ्हाइकांच्या नावांच्या चिठ्ठ्या लावून तयार पडले होते. बंद दुकान म्हणे!

साहेबाने गरम शर्ट अंगात घातला. बटणं लावता लावता त्याने वर छपराकडे पाहिलं, आणि मग हळूच म्हणाला, 'मावशी, मी काही पाहिलेलं नाही. बंद लिहितो. तुमचं छप्पर होऊन जाईल.'

आमच्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पुढाऱ्याने तर डोळे मिटले.

'नको,' मावशी म्हणाल्या.

'अहो, चालू लिहिलं तर काही मिळणार नाही.'

'कळलं मला. मी काय बहिरी आहे?' मावशींनी इस्त्री उभी केली. 'ओलं लिहा. मोडकं लिहा. बाई म्हातारी झाली लिहा. पण बंद लिहू नका.'

'एक शब्द तर आहे.'

'बस गेली, सिनेमा गेला, माझा माणूस गेला, पोर गेली. मी रोज सकाळी उठते आणि हे उघडते. दुसरं काय आहे हो माझ्याकडे? तेवढंही तुम्ही खोडून नेणार?' त्यांचा आवाज चढला नव्हता. 'बाहेर बसले होते ना स्टुलावर, हे शटर पाडून. मला वाटलं, मी गेलेच. नको बाबा. लिहू नका.'

साहेबाने पेन उघडलं. मग त्याने लिहिलं. काय लिहिलं ते आम्हाला दिसलं नाही, पण दिसायची गरज नव्हती. जाताना तो मावशींच्या पाया पडेल की काय असं मला वाटलं. त्याने नुसते हात जोडले.

पुढारी मावशींशी आठवडाभर बोलला नाही. 'एका शर्टापायी छप्पर घालवलं,' असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटला. मीही चिडलो होतो. कसला हा ताठा? आम्ही सगळे खोटं बोललो ते काय हौस म्हणून? निम्मं तर ह्यांच्यासाठीच बोललो. पण रात्री अंथरुणावर पडलं की 'वर्षभर' हा माझाच आवाज कानात यायचा आणि कूस बदलावी लागायची. मी काही पश्चात्ताप बिश्चात्ताप म्हणत नाही. छप्पर मला पाहिजेच होतं.

आणि आम्हा बाकीच्यांना ते मिळालं. गवंडी आले, गिलावा झाला, रंग झाला. पालिकेने आमच्या दारांवर एकसारख्या निळ्या पाट्या लावल्या, 'पुन्हा सुरू'. आता चुकून कुणी नवं गिऱ्हाईक आलं की पाटी वाचून अभिनंदन करतं आणि विचारतं, 'किती दिवस बंद होतात?' मी डोळ्यांचा नंबर विचारतो. मावशींच्या दारावर पाटी नाही. आमच्या गवंड्याला चहापाणी करून मी त्यांच्या छपराला तेवढा एक हात मारून घेतला, पण त्यानेही मान हलवली. म्हणाला, वासेच गेलेत, वरून मलमपट्टी करून काय उपयोग.

पावसाळा तोंडावर आला तशी एका संध्याकाळी लेक मावशींना न्यायला आली. मी मदतीला गेलो. ती नुसती खोलीतलं सामान उचलून गाठोड्यात कोंबत होती, आणि मावशी तिने कोंबलेलं काढून नीट घड्या घालून परत ठेवत होत्या. असं बराच वेळ चाललं. मला दोघींकडे बघवेना.

शेवटी लेकीने हातातली चादर खाटेवर टाकली. 'एक शब्द, आई. त्याने तर स्वतःहून म्हटलं होतं. एक शब्द बोलली असतीस तर आज ही वेळ आली नसती.'

'माहीत आहे.'

'मग?'

'तुला शब्द दिला होता, तो पाळतेय ना? येतेय ना मी? मग आणखी काय पाहिजे तुला?'

लेकीने डोळे पुसले. तिने खोलीभर नजर फिरवली, ओल चढलेल्या भिंतीवर, टबावर. मग पुढे दुकानात गेली. टेबलाखाली नेहमीसारखे कपड्यांचे गठ्ठे होते, चिठ्ठ्या लावलेले. ती तशीच उलट्या पावली आली.

'हे सगळं कुणाचं आहे? परत नाही केलंस?'

'परत कशाला? उद्या द्यायचेत.' मावशींनी गाठोड्याची गाठ आवळली. 'तुमच्याकडून इकडे पहिली बस कितीला असते गं?'

लेक आईसमोर येऊन उभी राहिली. मग म्हणाली, 'आई, तू माझ्याकडे राहायला येतेयस, की झोपायला?'

'झोपायला,' मावशी म्हणाल्या.

आता कडाक्याचं भांडण होणार म्हणून मी दाराकडे सरकलो. पण लेक खाटेवर बसली. थोडा वेळ ती नुसती आईच्या त्या खाली उतरलेल्या खांद्याकडे बघत होती. मग उठली, गाठोडं स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि म्हणाली, 'पहिली बस फार लवकर असते. डबा किती वाजता भरून ठेवू?'