सुलतानचे सहा आठवडे

पोस्टिंग नागपूरजवळ कामठीच्या छावणीत होती. काम, कुत्र्याचा हँडलर. सैन्यातून आल्यावर मी कॉलेजात नाव घातले. आमच्या घरातला मी पहिलाच. वर्गातले मित्र विचारतात, म्हणून जमेल तसे लिहितो.

सुलतान अल्सेशियन होता, दहा महिन्यांचा. पहाटे ०५३० ला ग्रूमिंग, म्हणजे अंग विंचरणे, ०६०० ला पीटी, मग रेशन. आम्ही मौद्याकडचे शेतकरी. खुराक दिला की बैल तयार होतो, एवढेच मला ठाऊक. माझ्या वाट्याचे दूध आणि तूप लावलेल्या पोळ्या मी त्याला चोरून घालत असे. वर भिंतीवरून उड्या मारायला लावत असे. तो झपाट्याने वाढला. मला त्याचा अभिमान होता.

एका सोमवारी तो उठलाच नाही. मागचे पाय थरथरत होते. व्हेटर्नरी कॅप्टन साहेबांनी कमरेचे सांधे दाबून पाहिले.

"अनफिट. कोवळ्या वयात वजन फार, सांधे गेले. शुक्रवारी इंजेक्शन."

म्हणजे कायमचे झोपवायचे.

आम्हाला शिकवणारे उस्ताद, वऱ्हाडातले हवालदार, हळूच म्हणाले, "काहून उभा राहिला गा? चाल."

मी हललो नाही. "साहेब, वजन मी वाढवलं. शिक्षा मला द्या."

"ऑर्डर समजली नाही?"

"समजली, साहेब. मान्य नाही."

साहेब म्हणाले, "सात दिवस कोठडी, तुला. नंतर सहा आठवड्यांची मुदत, त्याला."

कोठडीच्या गजांशी येऊन उस्ताद म्हणाले, "तुले आराम अन् मले कुत्रं! मस्त वाटणी केली गा."

सुटल्यावर काम सुरू केले. उड्या बंद. रेशन कमी. रोज ०६०० ला कन्हान नदीत त्याला छातीभर पाण्यात चालवायचे. पाणी वजन उचलते, सांध्यांवर भार येत नाही. संध्याकाळी शेक आणि मालिश. सुलतान रिकामे भांडे तोंडात धरून माझ्यामागे फिरायचा. मी द्यायचो नाही. दूध मीही सोडले.

शेवटच्या दिवशी, ०७०० ला, साहेब म्हणाले, "ट्रॉट. दुडक्या चालीने पळव."

सुलतानने आधी मागचा डावा पाय ओढला. मग चाल सरळ झाली. साठ पावले.

"ट्रॅकर होणार नाही, माग काढणं जमणार नाही. गार्ड ड्यूटीला फिट."

तीन वर्षांनी आम्ही सीमेवरच्या चौकीच्या गार्डला होतो; सकाळी ०९१५ ला, कुंपणालगतच्या गस्तीत, तो आमच्या पुढे चालत होता. सुरुंग त्याच्या पायाखाली फुटला. मागचे आम्ही चौघे वाचलो.

कारकुनाने रजिस्टरात लिहिले, 'नग एक, कमी.'

"खोडा," मी म्हणालो. "शहीद लिहा."

"कुत्र्याला तसं लिहीत नाहीत."

मी टेबलासमोरून हललो नाही. त्याने लिहिले.