कडा फाटलेली भाकरी

हॉटेलात भाकरी आली की मी आधी तिच्या कडा बघते. कडा फाटलेल्या असल्या तर जीव भांड्यात पडतो. मऊसूत, गुळगुळीत भाकरी दिसली की हात आखडतो. ही खोड मला लातुरात लागली.

दहावीनंतर नांदेडच्या डॉक्टरांनी माझा गहू कायमचा बंद केला. पोळी नाही, बिस्कीट नाही, रवा-मैदा नाही. चिमूटभर पोटात गेला तरी आतडी बिघडणार. हदगावातल्या आमच्या नातेवाइकांना हे काही पटेना. पोळी सोसत नाही म्हणजे पोरीचे नखरेच, असं त्यांचं मत. मला मात्र लातूरला क्लासला जायचंच होतं. वडिलांनी एका अटीवर पाठवलं: पोट पुन्हा बिघडलं की सामान बांधायचं आणि परत यायचं.

इतर पालक मेस निवडताना पोळ्या चाखून बघत होते, आम्ही भाकरी शोधत फिरत होतो. शेवटी एक मावशी भेटल्या. भूकंपात गावाकडचं घर गेल्यावर त्या लातुरात आल्या होत्या आणि क्लासची पोरं वाढली तशी त्यांची मेसही वाढली होती. वडिलांनी त्यांना सगळं समजावलं. माझा तवा वेगळा, परात वेगळी, आणि गिरणी धुऊन-पुसून दळून आणलेलं ज्वारीचं पीठ मोठ्या डब्यात वेगळं.

"पोळी न्हाई द्यायची ना? मग सोप्पं हाय की," मावशी म्हणाल्या.

सुरुवातीचे दिवस झकास गेले. मग पोट दुखायला लागलं. मी आमटीवर संशय घेतला, बाजारच्या हिंगात मैदा असतो म्हणून हिंग बंद करायला लावला. फरक पडेना. वर्गात बसवेना. परत जावं लागेल या धास्तीनं मी घरी कळवलं नाही.

एका रविवारी वडील आले. माझा चेहरा पाहिला आणि सोबत जेवायला बसले. मावशींनी माझ्यातलीच एक भाकरी त्यांना वाढली.

"भाकरी लई मऊ हाय हो," ते सहज म्हणाले.

मावशी खुलल्या. "मूठभर कणीक टाकते ना त्यात. डब्यातलं पीठ जुनं झालंय, इरी गेली त्याची, चिकटपना ऱ्हायला न्हाई. नुस्ती थापली की फाटती. भूकंपात मदतीचा गहू आलता, तवापासून ही सवय लागली. लेकरू वाळून चाललंय, निदान मऊ तरी खाऊ दे म्हनलं."

मला संताप आला आणि रडूही आलं. चिडायचं कुणावर? पोळी त्यांनी मला एकदाही वाढली नव्हती. वडिलांनी शांतपणे सांगितलं, मूठभरसुद्धा चालत नाही. मावशींचा चेहरा उतरला. "त्येला पोळी कुठं म्हन्त्यात," एवढंच त्या म्हणाल्या.

तेव्हापासून मी हॉटेलात "गहू आहे का?" एवढंच विचारून थांबत नाही. सगळे मनापासून नाही म्हणतात. "भाकरी फाटू नये म्हणून काय टाकता?" असं विचारते. मग कणीक बाहेर पडते. वेटर मला विक्षिप्त समजतात, समजू देत.

त्या रविवारी मेसमधून आम्ही माझ्या खोलीवर गेलो. अट ठरलेली होती. वडिलांनी बॅग उघडली आणि माझी पुस्तकं भरायला घेतली. मी कपड्यांच्या घड्या घालत होते आणि एकही घडी नीट बसत नव्हती. तेवढ्यात दारात मावशी आल्या, हातात झाकलेलं ताट.

"परात राखेनं घासली. उकळत्या पान्यात पीठ भिजवलं, कनकेचा कन न्हाई. तरी फाटलीच," त्या ओशाळून म्हणाल्या.

भाकरीच्या कडा चहूबाजूंनी उकलल्या होत्या. वडिलांनी एक तुकडा मोडून निरखून पाहिला आणि माझ्या हातात दिला. मग बॅगेतली पुस्तकं काढून पुन्हा फळीवर लावायला लागले.