उसातली पश्मी

माझ्या लग्नात माहेरच्यांनी काय दिलं आणि काय दिलं नाही, यावर सासरी पुष्कळ दिवस तोंडं चालली. पण सगळ्यात गाजलं ते कुणी न दिलेलंच. वऱ्हाडाचा ट्रक सुरू झाला, माझ्या आईनं डोळ्याला पदर लावला, आणि आमची कुत्री उडी मारून वर चढून सरळ माझ्या शालूवर येऊन बसली. वडिलांनी तिला खाली ओढायला हात घातला तर तिनं अंग असं सैल सोडलं की बघणाऱ्याला वाटावं, मेली. शेवटी वडील माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "असू द्या पावणं. पोरीची पाठराखीण समजा."

नव्या नवरीच्या सोबतीला चार दिवस माहेरची एक बाई जाते, ती पाठराखीण. माझी चुलती त्यासाठी ट्रकात बसलेलीच होती. म्हणजे मला दोन पाठराखिणी झाल्या, आणि चुलतीला ते अजिबात आवडलं नाही.

बाहत्तरच्या दुष्काळानंतरचं दुसरं की तिसरं वर्ष असेल. माहेर जतकडं. तिकडं सगळा माळ. दारात उभं राहिलं की पुढच्या गावच्या देवळाचं शिखर दिसायचं. सासर कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठी. पाणीच पाणी आणि ऊसच ऊस. आमच्या मागच्या दारापासून चार हातांवर ऊस सुरू व्हायचा तो पार नदीपर्यंत. लोक म्हणायचे, पोरीनं नशीब काढलं. काढलं असेल, पण मागचं दार उघडलं की समोर ती हिरवी भिंत बघून माझा जीव गुदमरायचा.

चार दिवसांनी चुलती परत निघाली, ती कुत्रीला घेऊनच. एस्टीच्या दारात कंडक्टरनं अडवलं. "मावशी, शेळीचं तिकीट फाडतो, कोंबडीचं फाडतो. पण ह्ये हाय तरी काय?" चुलती एकटीच गेली.

तो काही वावगं बोलला नव्हता. त्या गावानं असलं कुत्रं बघितलंच नव्हतं. आमच्याकडं धनगरांच्या वाड्यावर, शिकारीचा नाद असलेल्यांच्या घरी ही कारवानी कुत्री असायची. उंच पाय, निमुळतं तोंड, पोट पाठीला लागलेलं, फासळ्या मोजून घ्याव्यात. त्यातली बहुतेक तुळतुळीत. पण एखाद्या वेतात कानांवर, शेपटीला आणि पायांच्या मागच्या अंगाला रेशमासारखे लांब केस असलेलं पिल्लू निघायचं. ती पश्मी. आमचीला वेगळं नाव असं नव्हतंच, पश्मी म्हटलं की यायची. यायची म्हणजे तिच्या मनात असलं तर.

शेजारची म्हातारी येऊन बघून गेली आणि म्हणाली, "घरचं झालं थोडं, आन् व्याह्यानं धाडलं घोडं. घोडं तरी टांग्याला जुंपता आलं आसतं." सासरे हसले नाहीत. मामंजी शिस्तीचे. जन्मभर पहाटे उठून उसाला पाणी पाजलेला माणूस. म्हणाले, "दिवाळीला मुराळी यील न्ह्यायला, त्येच्या संगं धाडा हिला." मुराळी म्हणजे माझा थोरला भाऊ. हा निकाल लागला तेव्हा माझे मालक पलटणीत परत जाऊन आठवडा झाला होता. त्या घरात तांब्यापासून उशीपर्यंत सगळं दुसऱ्या कुणाचं तरी होतं. माझं म्हणावं असं ते एक मुकं जनावर. दिवाळीपर्यंत ते या घराला आवडलं पाहिजे, एवढंच मी देवाला मागत होते.

आधी आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूनं, तिला जाड करायचं मनावर घेतलं. "आमच्या दारात जनावर उपाशी ऱ्हातंय म्हनंल गाव." म्हशीच्या दुधात भाकरी, वर गुळाचा खडा, कधी तूप. पश्मी अर्धं खायची आणि उरलेल्याकडं ढुंकून न बघता निघून जायची. महिन्याभरात शेजारपाजारची सगळी कुत्री गलेलठ्ठ झाली. मीही तेव्हा काटकीच होते. पाणवठ्यावर बाया म्हणायच्या, "एका मापाच्या हायती दोघीबी." शेवटी गुरांच्या डॉक्टरला बोलावलं. त्यानं तिला दाबून बघितली, दात बघितले, आणि म्हणाला, "रोग कसला? हाडच असलंय. धावायचं जनावर हाय ह्ये." आत्याबाईंना तो डॉक्टर कायमचा वाईट ठरला.

दुसरी पंचाईत झोपायची. अंगावर मांस नसल्यानं तिला भुई टोचायची. पोतं चालायचं नाही, वाकळच लागायची, आणि तीही माझीच. आत्याबाईंनी एकदा तिला वाकळेवर पाय पसरून पडलेली पाहिली. "सुनंचं लाड मी करीन गं," त्या म्हणाल्या, "पर सुनंच्या कुत्रीचं बी करू?" मी मान खाली घालून गवऱ्या आणायला गेले. मनातून मात्र मला हसूच येत होतं.

आणि भुंकायची नाही. येणाऱ्याजाणाऱ्याकडं बघायची, मान फिरवायची. परसात बसून समोरच्या उसाकडं टक लावायची. जतला ती दिवसभर माळाच्या टोकाला नजर लावून बसायची. इथं टोकच नव्हतं, पण सवय जाईना. मी रोज सांजच्याला फणीनं तिच्या कानाच्या केसांतली कुसळं काढायची आणि तीही घटकाभर मला ते करू द्यायची. माझा सगळ्यात बरा वेळ तोच.

पावसाळ्याच्या शेवटी कोल्ह्यांनी ऊस खायला सुरुवात केली. मामंजी तिन्हीसांजेला पश्मीला घेऊन बांधावर गेले. मी भाकरी देण्याच्या निमित्तानं मागं. उसात सळसळ झाली. मामंजींनी "छू" केलं. पश्मी आत चार पावलं गेली, मान उंच केली, इकडं तिकडं बघितलं आणि उभीच राहिली. पानं तिच्या डोळ्यांवर येत होती. कोल्हं पलीकडून आरामात निघून गेलं.

"आंधळी हाय का काय?" मामंजी म्हणाले.

"ती वास काढत न्हाई मामंजी," मी म्हणाले. "डोळ्यांनी बघती, मग धावती. तुमच्या ह्या उसात बघायचं काय? मानसाला तरी काय दिसतंय का?"

नवी सून असं बोलत नसते. माझी जीभ तेव्हापासूनच ही अशी. मामंजींनी माझ्याकडं बघितलं, भाकरीचं गाठोडं घेतलं आणि बांधानं चालू लागले. झालं, मी समजले, दिवाळीची वाटच बघायला नको.

दिवाळी होऊन गेली. दादा जरा उशिरानंच आला, आणि त्याच आठवड्यात कारखान्याची टोळी आमच्या उसाला लागली. मी मागच्या दारात भांडी घासत होते. दुपारपर्यंत कोयते जवळ जवळ येत गेले, आणि शेवटच्या सऱ्या पडल्या तसा स्वयंपाकघरात उजेड आला. मी मान वर केली. नदीकाठची चिंच दिसत होती. नदीपलीकडचं गाव दिसत होतं. मी राखेचा हात तसाच धरून उभी राहिले.

माझ्या शेजारी पश्मी उठली. तिनं एकदा सगळीकडं बघितलं आणि सुटली.

समोर ससा नव्हता, कोल्हा नव्हता, काही नव्हतं. उगीच धावली. पाचटावरून नदीपर्यंत गेली, वळली, परत आली, परत वळली. कानांचे केस मागं, शेपटीचे केस मागं, चारी पाय एकदम भुई सोडायचे. टोळीतल्या बायांनी मोळ्या खाली टाकल्या. एक गडी म्हणाला, "आरं, ह्ये काय कुत्रं म्हनायचं व्हय!" मग ती दमली. जीभ बाहेर काढून चालत आली ती माझ्याकडं नाही, बांधावर उभ्या असलेल्या मामंजींकडं. त्यांच्या गुडघ्याला सगळं अंग टेकवून उभी राहिली. मामंजींनी हळूच तिच्या डोक्यावर हात ठेवला.

रात्री ताटावर ते दादाला म्हणाले, "पावणं, कुत्रं ऱ्हाऊ द्या हितंच. लय गुणाचं हाय."

सहा महिने मी हेच मागितलं होतं. आणि मीच दाराआडून म्हणाले, "न्हाई मामंजी. जाऊ द्या तिला. आता खोडवा फुटंल, पावसाळ्यापतोर परत तसाच ऊस हुईल. न दिसताच बसली आसती ती एक येळ. आता बघितलंय तिनं."

आत्याबाई पुटपुटल्या, "हिचं काय खरं न्हाई."

गुळाच्या ट्रकातून आम्ही तिघं सांगलीला आणि तिथून दुसऱ्या ट्रकानं जतला गेलो. पंधरा दिवस माहेरी राहिले. निघायच्या दिवशी पश्मी लांब माळावर होती. मी हाका मारल्या. या जातीच्या डोळ्यांत काही भरलं की कानांत काही शिरत नाही, हे मला लहानपणापासून माहीत. तरी मला लई वाईट वाटलं, आणि तिचा रागही आला.

सासरी आले, मागचं दार उघडलं. दारासमोरच्या पट्टीत खोडवा ठेवलाच नव्हता. मामंजींनी उसाची खोडकी खणून काढून नांगर घातला होता आणि हरभरा टाकला होता. भावकी हसत होती, पुन्हा फुटणारा ऊस कुणी उपटतं का म्हणून. "जमीन दमलीया," एवढंच ते सगळ्यांना सांगायचे. मलाही ते खरं वाटलं. पावसाळ्यात तिथं भुईमूग आला, वीतभर उंचीचा.

पंचमीला दादा न्यायला आला. मामंजी ओट्यावर बसले होते. त्यांनी दादाकडं बघितलं, मग त्याच्या मागं, मग रस्त्याकडं.

"एकलंच आलासा?" ते म्हणाले. "कुत्री न्हाई आनली? जागा ठिवलीया की मी."

मी दाराआड होते. मला हुंदका आवरेना. दिवाळीला पश्मी आली. मामंजी होते तोवर त्या पट्टीत ऊस लागला नाही.