दोन सीटांची लाल गाडी

सगळ्यांनी चारही चाकांनी ओढणारी मोठी गाडी सुचवली. दादानं मात्र कॅनडातल्या या बर्फाळ गावात बारा महिने चालवायला छप्पर उघडणारी, दोन सीटांची लाल गाडी घेतली. पूजेचं लिंबू रात्रभर गाडीत गोठून दगड झालेलं. चाकाखाली फुटेना, उलट गाडीच घसरली. मला बरं वाटलं.

नववीत शाळा सोडलेल्या मला दादानंच इथं आणलं, रोज कामावर सोडलं. आता त्याच्या शेजारी वहिनी बसणार.

"तोंड का पाडलंत, भावजी?"

"थंडीनं, वहिनी."

उपकार करणाऱ्याचा हेवा धड मनापासून करताही येत नाही. दुसऱ्या दिवशी बसस्टॉपवरून त्या दोघांना जाताना बघत होतो. चढावर गाडीची चाकं जागीच फिरू लागली. ‘अडकू दे,’ मन म्हणालं. पाय मात्र ढकलायला केव्हाच धावत सुटले होते.