हाल नसलेली वस्ती

कुर्डुवाडीला गाडी तासभर रखडली, तेव्हा फलाटावरच्या चहावाल्याने विचारले, "कुटं निगालासा, बाई?"

सोलापूरला, दुष्काळात दूध वाटायला, असे मी सांगितले. त्याने काळाभोर चहा माझ्या हातात दिला. "मग हितंच उतरा की."

त्र्याहत्तरचा उन्हाळा होता. मी शिकवत होते त्या नगरच्या मिशन शाळेला सुटी लागली होती आणि आमच्या चर्चच्या महिला मंडळाने मला तीन आठवड्यांसाठी सोलापूरच्या मदत केंद्रावर धाडले होते. घरी बसून लोणची घालण्यापेक्षा हे कितीतरी बरे, असे मला मनापासून वाटत होते.

सोलापूर उन्हाने भाजत होते. रेशनच्या रांगा, गिरणीचा भोंगा, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर सरकार टिकते की पडते याची चर्चा. केंद्र म्हणजे चर्चच्या आवारातली पत्र्याची वखार. आत दूध पावडरीची पिंपे छतापर्यंत रचलेली. वखार सांभाळणारे जोसेफकाका निवृत्त शिक्षक. त्यांनी मला कडक भाकरी आणि शेंगांची चटणी वाढली आणि नियम सांगितला: ज्या वस्तीतल्या गरजू मुलांची यादी संध्याकाळच्या भोंग्याआधी येईल, तिथेच उद्याचा ट्रक जाईल. पुढचा ट्रक पंधरा दिवसांनी.

दुसऱ्या दिवशी कानडी मुलखाला लागून असलेल्या मैंदर्गीच्या बाजूला निघालो. कानडी बोलणाऱ्या बाई सोबत यायच्या होत्या, पण त्या तापाने झोपल्या. मी म्हटले, अडत नाही. इल्ल (नाही) आणि नीर (पाणी) एवढे शब्द मला येत होते. जीप चालवायला इस्माईलभाई, मूळचे मैंदर्गीचेच.

मैंदर्गीपलीकडच्या चौथ्या वस्तीवर रेडिएटर तापला. इस्माईलभाई पाणी शोधायला गेले आणि मी वही घेऊन एकटीच पुढे झाले. पहिल्याच दारात गळ्यात लिंगायतांचे लिंग बांधलेली एक म्हातारी उभी होती. तिचे नाव गौरव्वा. मी वही दाखवून हातवारे केले. तिने रिकाम्या गोठ्याकडे बोट दाखवले आणि ठामपणे म्हणाली, "हाल इल्ल, यव्वा (बाई). हाल इल्ल."

इल्ल मला येत होते. हाल तर आपलाच शब्द. हाल नाहीत! जनावरे छावणीत पाठवून बाई खंबीर उभी आहे, असा मी अर्थ लावला. शेजारच्या दोघींनीही तेच सांगितले. मला त्या बायांचा अभिमान वाटला. मी गौरव्वाला शाबासकी दिली आणि वस्तीच्या नावावर काट मारली. आत तान्हे मूल रडत होते. मुले रडतातच.

दोन मैल गेल्यावर मी हा किस्सा मोठ्या कौतुकाने इस्माईलभाईंना सांगितला. त्यांनी जीपच थांबवली.

"बाई, कानडीत हाल बोले तो दूध."

मी वही उघडून काट मारलेले नाव पाहिले. मग घड्याळ पाहिले. परत गेलो तर भोंगा चुकण्याची भीती. न गेलो तर या वस्तीला पंधरा दिवस दूध नाही. "वळवा," मी म्हटले.

"शाबासकी परत घ्यायला?" ते म्हणाले, पण जीप तोपर्यंत वळली होती.

या वेळी इस्माईलभाईंनी दुभाषाचे काम केले. गौरव्वाची सून खडी फोडायला जात होती, तिचे दूध आटले होते, आणि दोन महिन्यांचा नातू साखरेच्या पाण्यावर होता. मी त्याला उचलले. शाळेचे दप्तर याहून जड असते. वस्तीत अशी सात मुले निघाली. मी नावे लिहून घेत असताना गौरव्वाने गळ्यातले लिंग मुठीत धरून काहीतरी विचारले.

"दूध घेतल्यावर हे काढावं लागंल का, म्हणते," इस्माईलभाई म्हणाले.

"सांगा, दूध पावडरीचं आहे, धर्माचं नाही. अट एकच, पाणी उकळून घ्यायचं."

गौरव्वाने उत्तर दिले आणि सगळ्या बाया हसल्या. इस्माईलभाईंनी खाली बघत सांगितले, "पाणी पण तुम्हीच आणा म्हणते."

परतताना सोलापुरात महागाईविरुद्ध बायकांचा मोर्चा. थाळ्यांचा कडकडाट, रस्ता बंद. मी जीपमधून उतरले, पदर खोचला आणि वही डोक्यावर धरून गर्दीत शिरले. "लेकरांच्या दुधाची यादी आहे," एवढेच म्हणत राहिले. बाया बाजूला सरत गेल्या. एकीने तर थाळी वाजवतच मला वखारीपर्यंत पोचवले. जोसेफकाका कुलूप लावत असतानाच भोंगा झाला. ते कुलपाकडे पाहत होते, मी त्यांच्याकडे. "माझं घड्याळ मागं आहे," ते म्हणाले आणि त्यांनी दार उघडले.

दुसऱ्या दिवशी मी ट्रकमध्ये पुढेच बसले. मागे पिंपे होती आणि पाण्याची टाकीही. वस्तीवरची पोरे ट्रकमागे ओरडत धावली, "हाल बंतु! हाल बंतु!" (दूध आलं). गौरव्वाने नातवाला मांडीवर घेऊन वाटी-चमच्याने पाजले. त्याने पहिला घोट थुंकला, दुसरा गिळला आणि तिसऱ्यासाठी भोकाड पसरले. मग तिने माझ्या पाठीवर एक सणसणीत थाप मारली. शाबासकी परत केली असावी.

तीन आठवड्यांनी नगरला परतले. अर्धवट ठाऊक असलेल्या भाषेपेक्षा मुळीच ठाऊक नसलेली बरी, निदान माणूस दुसऱ्याला विचारतो, एवढे शहाणपण पदरात पडले होते. महिला मंडळाच्या पहिल्याच बैठकीत अध्यक्षबाईंनी हळहळत विचारले, "तिकडे लोकांचे फार हाल होते का हो?"

"एका वस्तीवर हाल मुळीच नव्हते," मी म्हणाले. "आम्ही नेऊन दिले."