आईनं मागितलेलं गाव
नव्या नकाशाच्या वासानं मला इगतपुरीचं आमचं रेल्वे क्वार्टर आठवतं. नव्वदीतला पावसाळा होता, भिंतींना ओल आली होती. आई आता फार दिवसांची सोबतीण नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. वडिलांनी भारताचा नकाशा आणून तिच्या अंथरुणावर पसरला. "काश्मीर, कन्याकुमारी, म्हणशील तिथं जाऊ. माझा रेल्वेचा पास आहे." आईनं नकाशावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "देवळ्याला न्या." तिचं माहेर त्या नकाशावर नव्हतंच. "अगं, तिथं काय बघायचंय?" वडील म्हणाले. "तिथं ऊन असेल हो." आम्ही गेलो. ती मामाच्या अंगणात उन्हाला बसायची, तिथंच गेली. आता मुलं सुट्टीत कुठं जायचं विचारतात, तेव्हा नवा नकाशा पसरताना माझं बोट आधी देवळा शोधतं.