गैरहजर अध्यक्षीणबाई

आमच्या क्वीन्सलँडमधल्या गोमांस उत्पादक संघाचा अलिखित नियम आहे: वार्षिक सभेला जो गैरहजर, तोच नवा अध्यक्ष. त्यामुळे तापाने फणफणलेलेही हजर असतात. यंदा फक्त कोरल टुली आली नाही. एकटीने शेकडो गुरं पाळणाऱ्या कोरलचा बोअरचा पंप बिघडला होता आणि गुरं तहानेनं हंबरत होती. शेवटी ग्रीसने माखलेली कोरल मदत मागायला सभेतच आली.

"या, अध्यक्षीणबाई!" म्हातारा मर्व ओरडला.

"साधलात ना डाव, मेल्यांनो? मग पहिला ठराव ऐका. चहा ठेवा खाली आणि पाने-पकडी घेऊन माझ्या पंपावर चला."

"अगं, पण बिस्किटं..."

"वाटेत खा, मर्वकाका!"

संध्याकाळी हौदात धो धो पाणी पडलं. संघाचा एखादा ठराव अमलात येण्याची ही पहिलीच वेळ.